निरंक

महिनाअखेर. तक्ता भरायला बसले आहे.
घरफोडी दिवसा, घरफोडी रात्री,
दोन वेगळे रकाने.
अंधाराला कायद्यात निराळा भाव आहे.
जबरी चोरी: एक. मोटारसायकल: सात,
त्यातली दोन उद्यमनगरात सुटी सुटी सापडली.
दरोडा: निरंक.

हा शब्द मला पहिल्या साहेबांनी शिकवला.
म्हणाले, शिंत्रेबाई, शून्य लिहू नका.
शून्याच्या अलीकडं कुणीही एक आकडा टाकतो.
निरंक लिहा. त्याला काही चिकटत नाही.

दुपारी गडहिंग्लजहून शैलाअक्काचा फोन.
मल्लूला अमेरिकेत नोकरी लागली,
बारकं शहर आहे म्हणे, आपल्या इचलकरंजीपेक्षा लहान.
तिथल्या गुन्ह्यांचे आकडे त्यानं धाडलेत.
"तुझा जन्म गेला ह्यात. बघ की जरा,
पोरगं तिथं नीट राहील का."

मोबाईलवर नकाशा उघडला.
काही गल्ल्या लाल, काही पिवळ्या, काही हिरव्या,
अढीतल्या आंब्यांसारख्या,
फक्त इथं पिकलेलं घ्यायचं नाही.
दर लाख माणसांमागे इतके खून, इतक्या चोऱ्या,
दशांश चिन्हानंतरही दोन घरं.
दशांश चिन्हानंतरचा माणूस कसा दिसत असेल?

मी आधी त्या नकाशात पोलीस ठाणं शोधलं.
सापडलं.
मग ठाण्यात भिंतीकडेला बाक आहे का, ते बघत बसले.
बाक नकाशात दाखवत नाहीत.

आमच्याकडं आहे.
गेल्या मंगळवारी त्यावर एक बाई बसली होती,
गंगावेशीतली, दुधाच्या कट्ट्यावरची,
हातात किटली, डावा गाल पदराखाली.
म्हणाली, आधार कार्ड हरवलंय, दाखला पाहिजे.
दाखला दिला. शिक्का मारला.
ती परत बाकावर जाऊन बसली.
पाणी मागितलं. प्याली.
आणखी काही सांगायचंय का, म्हणून विचारलं मी,
पण पेन खाली ठेवलं नव्हतं.
"म्हशी तटून राहिल्या असतील," म्हणाली आणि गेली.

विवाहितेचा छळ: निरंक.
गहाळ कागदपत्रे: एकोणीस.

मागं एक साहेब आले होते, तरणे.
त्यांनी तो बाक आतल्या खोलीत नेला,
दाराला पडदा लावला, मला तिथं बसवलं
आणि म्हणाले, आधी चहा द्या, मग नाव विचारा.
तीन महिन्यांत आकडा दुप्पट झाला.
पेपरात चौकट आली, शहरात गुन्हेगारी बोकाळली.
साहेबांची बदली झाली.
पडदा धुवायला गेला तो आलाच नाही.
बाक पुन्हा भिंतीकडेला.
आकडा उतरला.
शहर सुरक्षित झालं.

अक्काला मी काय सांगू?
म्हटलं, मल्लूला विचार,
रात्री अकराला कोपऱ्यावर कुठलं दुकान उघडं असतं,
शेजारच्या घरात भांडं पडलं तर ऐकू येतं का,
आणि ऐकू आलं तर कोण उठतं.
अक्का वैतागली.
"आकड्याचं विचारलं तर भांड्याचं काय सांगतीस?"
मग म्हटलं, चांगलं आहे शहर. जाऊ दे त्याला.

मी स्वतः रंकाळ्याकडनं गाडीवर घरी जाते,
साडी नाही, अंगावर वर्दी असते,
तरी तांबट कमानीपाशी वेग आपोआप वाढतो.
हे कुठल्या रकान्यात बसत नाही.
कोल्हापूर सुरक्षित आहे का,
असं मला अजून कुणी फोन करून विचारलेलं नाही.

किटलीचं झाकण ती बाकाखाली विसरली.
मुद्देमालात घेता येत नाही, गुन्हाच नाही.
हरवलेल्या वस्तूत लिहिता येत नाही, मालक ठाऊक आहे.
माझ्या खणात आहे, स्टॅम्पपॅडशेजारी,
खण उघडला की दुधाचा आंबूस वास येतो.

तक्ता सहीला गेला.
उद्या पहाटे गंगावेशीत म्हशी उभ्या राहतील,
पेल्यात फेस चढेल, तालमीतली पोरं येतील.
झाकण द्यायला जायचं आहे.
वर्दीत जावं की साध्या साडीवर,
एवढंच अजून ठरत नाही.