तीन इंद्रियांचा जीव

रविवारी कडी-जोडणी बंद.
सहा दिवस चिमट्यानं करते
तेच सातव्या दिवशी फणीनं.

मी उंबऱ्यावर, तनू खालच्या पायरीवर,
डोकं माझ्या गुडघ्यांत.
ऊन नेमकं भांगात पडावं
म्हणून दोनदा जागा बदलली.

हुपरीच्या बायकांची नजर बारीक.
खसखशीएवढा रवा डाक देऊन घुंगराला बसवायचा,
हलला तर मजुरी कापतात.
पण लीख बसवणारीचं काम त्याहून सफाईदार:
एकेका केसाला एकेक,
कातडीला लागून, ऊब पुरेल इतक्यावर.
तिचा डाक शिकेकाईनं सुटत नाही.
व्हिनेगरनं सुटतो म्हणाली शेजारीण;
सुटला नाही,
घराला मात्र दोन दिवस लोणच्याचा वास.
अन् ऊ? पंचगंगेत बुडवून आणली असती
तरी श्वास कोंडून केस धरून बसली असती.

शाळेतून चिठ्ठी आली त्या दिवशी
तनू दप्तरासकट मोरीत जाऊन बसली.
चौथीच्या बाकावर तिच्या शेजारची जागा आता रिकामी.
"आई, त्या उडतात?"
उडत नाहीत. उड्यापण मारत नाहीत.
नुसत्या चालतात.
दोघी एका वहीवर वाकल्या,
केसाला केस लागला,
की झाला पूल.
"म्हणजे मैत्रिणीकडूनच आल्या."
व्हय. हालू नगंस.

गल्लीत जो तो वैद्य.
रॉकेल चोळ म्हणतात. चौगल्यांची पोर रॉकेल चोळून
चुलीपाशी गेली होती, तिची एक भुवई
अजून अर्धीच आहे.
सीताफळाच्या बिया वाट म्हणतात,
डोळ्यात गेल्या तर काय, ते सांगत नाहीत.
औषधाच्या दुकानातल्या पोरानं बाटली दिली:
उवा मरतील, लिखांची खात्री नाही,
आठ-दहा दिवसांनी परत लावा.
म्हणजे अंड्यातून निघालेली,
पण अजून अंडं न घातलेली,
त्या मधल्या दिवसांत गाठायची.

बाटलीचं सील अजून तसंच आहे.
देव्हाऱ्यापासून लांब, मिठाच्या बरणीमागं.

पाठशाळेत घोकलंय मी:
मुंगी, ढेकूण, ऊ, हे तीन इंद्रियांचे जीव.
स्पर्श आहे, चव आहे, वास आहे.
आमच्या पुस्तकात त्यांना डोळे नव्हते.
आमच्या घरी पाणी गाळून पितात,
दिवस मावळला की ताट झाकतात,
अन् माझ्या हातात ही फणी.

लहानपणी बाहुबलीच्या डोंगरावर
महाराजांचा केशलोच पाहिला होता.
राख लावून, मूठ मूठ, डोळ्याला पाणी नाही.
त्रिशलाअक्का कानात म्हणाली,
केसच नकोत, म्हणजे त्यात जीव पडायला नको,
अन् आपल्या हातनं मरायलापण नको.
तेव्हा पटलं.
आता तनूची वेणी कमरेला लागते.

अक्का आमच्या डोक्यातल्या उवा काढायची
अन् कागदावर घेऊन परड्यात लिंबाखाली सोडायची.
"जगू देत तिकडं."
मला वाटायचं, तिथं त्यांचं एक गाव असणार,
संध्याकाळी दिवे लागत असणार.
फार उशिरा कळलं,
डोकं सुटलं की ऊ दिवस-दोन दिवसांची.
रक्ताशिवाय तिला दुसरं अन्न नाही.
मग उपाशी सोडलेल्यांचं पाप
कुणाच्या खात्यावर?
अक्काला विचारायचं राहून गेलं.

खोबरेल चोपडलं. तेलात त्या सुस्त होतात.
बट धरते, मुळापासून टोकापर्यंत फणी,
पांढऱ्या फडक्यावर पुसते, परत फणी.
ही लीख रिकामी, नुसतं टरफल,
केसाबरोबर वाढत लांब आलेली.
ही भरलेली, तपकिरी, कानामागं.
दोन नखांच्या मध्ये.

टच्.

"मेली?"
हं.
"आई, तू आत्ता काय पुटपुटलीस?"
काही नाही. मोजत होते.
"किती झाल्या?"
अकरा.
पुढच्या रविवारी परत बसायचंय.
मान खाली कर.