अनुनासिक

वर्षातली ही पाचवी सर्दी.
हजेरीत 'नमिता मानमोडे'ची
'दबिता बादबोडे' होते,
मागच्या बाकांवर खसखस पिकते.

डॉक्टर मेहेंदळे फिल्म उजेडाला धरतात.
गालांमागच्या खोल्या पांढऱ्याफटक, भरलेल्या.
"सर्दी जाते हो आठवड्यात,
पण जाताना दार सुजवून जाते.
आतलं आतच कुजतं.
मग पुढची सर्दी आयत्या घरात शिरते."

टिळक रोडवर हेल्मेट हातातून पडतं.
उचलायला वाकते,
तर आख्खं कपाळ पुढे ओघळतं.

रात्री, पातेलं, टॉवेल.
वाफेत पुटपुटते, मराठीची बाई मी,
ङ, ञ, ण, न, म.
एकही नाकातून जात नाही.

'मी' म्हणते,
'बी' ऐकू येतं.

परत.
बी.

पाणी निवत आलंय.
उजवी नाकपुडी बारीक शिट्टी मारते.