चुंबळ

मी जळगावला साचे कापतो,
ठिबकच्या नळीतल्या तोट्यांचे.
माणसाच्या मापाचं काही केलं नव्हतं कधी.

बेंडाळे डॉक्टरीणबाई आल्या, टेबलावर यंत्र ठेवलं.
केवढं, तर निम्म्या काड्या संपलेली काडेपेटी.
"छातीवर चिकटतं. चौदा दिवस ठोके मोजतं.
माणूस सावद्याचा, ट्रकमध्ये केळी भरतो.
दोन फोडलीत त्यानं.
तिसऱ्याला घर करून द्या."

पहिली डबी कडक केली.
वरून पाना टाकला, हातोडा टाकला,
डबीला ओरखडासुद्धा नाही. मी खूश.

तिसऱ्या दिवशी सुपडू कोळी दारात.
सदरा वर केला:
चारही कडा छातीवर उमटलेल्या,
आत घामाचं तळं.
मे महिना, सावलीत पंचेचाळीस.
"डब्बी तं चांगली हाये," तो म्हणाला,
"मले कुठी ठिवू, थे सांग."

दुसरी मऊ, रबराची,
घामाला खाली चार छिद्रं.
छिद्रांत केळीचा चीक गेला,
वाळून काळा झाला, सुईनंही निघेना.
आणि घड टेकला की रबर दबायचं, यंत्रही दबायचं.

मग मीच गेलो सावद्याला, उजाडायच्या आत.
बागेत पाटाच्या पाण्याचा वास,
वाळक्या पानांवर पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज.
सुपडू डाव्या खांद्यावर घड घेतो,
पोराला धरावं तसा छातीशी धरून.
"उजवीकडे घे की."
"उजवा हात इळ्याले लागते."

खांद्यावर बायकोच्या फाटक्या लुगड्याची चुंबळ.
ट्रकपाशी त्यानं घड उतरवला, चुंबळ काढून फाळक्यावर ठेवली.
तिच्या मधून एक मुंगळा निघाला,
मिश्या झाडल्या
आणि चालायला लागला.

पंचवीस किलोखाली.
मी खिशातली पट्टी काढून चुंबळ मोजत बसलो,
हमाल हसत राहिले.

तिसरी डबी: भोवती जाड कडं,
मध्ये काही नाही.
हे काही नाही करणं फार अवघड.
डबीत जिथे पोकळी हवी
तिथे साच्यात पोलाद तसंच उभं ठेवावं लागतं.
उलटा धंदा आहे आमचा.
अकरा रात्री गेल्या त्यात.

चौदा दिवसांनी यंत्र परत आलं, धड.
बाईंनी कागदाची लांब पट्टी उलगडली.
घडाखाली, उन्हात, फळीवरून चढता-उतरता
ठोके ठणठणीत.
नवव्या रात्री, तीन वाजून सात मिनिटांनी,
खाटेवर आडवा असताना,
पाच सेकंद सरळ रेघ.
मी त्या रेघेवर बोट ठेवलं.
माझ्या डबीच्या आतली होती ती,
माझ्या कड्याला न विचारता आलेली.

गोळ्या चालू झाल्या. पुढचं भुसावळला दाखवायचंय.

डबी मात्र त्यानं परत केली नाही.
परवा सावद्याच्या स्टँडवर भेटला,
कनवटीतून काढून दाखवली:
आत तंबाखू, चुन्याची नळी.
मी खवळलो. बाई काय म्हणाल्या होत्या,
तारीख-वारासकट सगळं ऐकवलं.
तो मान खाली घालून ऐकत होता,
अंगठ्यानं झाकण उघडत, मिटत.

एसटी लागली. तो चढला.
मी खिडकीखालून ओरडून विचारलं,
"आणि छिद्रं? चार छिद्रं होती ना खाली?"
"चिकानं बुजोली," तो म्हणाला.
"झाकण ढिलं पडलं का?"
"नही. लय घट्ट हाये."