पैसे पावले

धरणगावला, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे
सरकीच्या गोदामाला टेकून ती उभी होती, तेवीस वर्षं.
डुक्कर फियाट. सत्तावन्न सालची.
तळाच्या पत्र्यातून एरंड वर आलेला,
स्टिअरिंगच्या गोलात एक पान उघडून बसलेला,
जणू तोच ड्रायव्हर.

भंगारवाला बावीस हजार म्हणाला होता,
मी पंचवीस म्हटलं. मालकाच्या नातवाने
मोजायच्या आधीच चावी दिली.
माझी मुलगी नाशिकहून फोनवर
बराच वेळ काही बोललीच नाही.

मी त्या गाडीत कधी बसले नव्हते. पाहिलीही नव्हती.
मी टेलिफोनवाली. बत्तीस वर्षं कानाला हेडफोन.
जिनिंगचा नंबर सदतीस,
मुंबईचा रुईचा भाव माझ्याच हातून गावात यायचा.
कधी ट्रंक कॉलच्या मागे हॉर्न वाजायचा,
जाड, बसलेल्या घशाचा,
आणि मालक म्हणायचे, "जरा थांबा, गाडी काढताहेत."
एवढंच.
एवढ्यावर माणूस पंचवीस हजार देतं का?
देतं, असं दिसतंय.

कासम पिंजारी अमळनेरहून आला, बॉनेट उघडलं.
आत रुईचा गोळा, गोळ्यात उंदराची पिल्लं.
"व माय, इतला पैसास्मा नवी गाडी इ जाती."
येईल. पण नवीचा आवाज मला ओळखीचा नाही.

मग मी फोन लावायला बसले. तेवढं मला येतं.
कार्बोरेटर कानपूरला निघाला, एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरकडे;
तो अर्धा तास बायकोच्या गुडघ्यांविषयी बोलला
आणि आपणहून तीन हजार कमी केले.
काच कोइमतूरहून, पेंढ्यात बांधून, तडकलेली.
दुसरी काचही कोइमतूरहूनच.
बंपरचं क्रोम, उलट्या उघडणाऱ्या दारांचे बिजागर,
वहीचं तिसरं पान उलटलं तेव्हा बेरीज थांबवली.
मुलीला सांगितलेला आकडा वेगळा आहे.
हॉर्न मात्र कुठेच मिळाला नाही.
जो बसवला, तो कुणा दुसऱ्याच माणसाचा आवाज.

मे महिन्यात पत्र्याला बोट लावलं तर कातडी निघे.
कासम रात्रीच काम करी, लाकडी हातोडी घेऊन,
आतून ठोका, बाहेरून तळहात.
पत्रा ऐकावा लागतो, म्हणायचा.
मला ते लगेच पटलं.

सगळे पोचे निघाले. एक सोडून.
डिकीच्या झाकणावर, डाव्या अंगाला, वाटीहून जरा मोठा.
मी बोट दाखवलं. त्याने हातोडी खाली ठेवली.
"हाऊ ऱ्हाऊ द्या. हाऊ मन्हा बापना शे."

अंजनीच्या पात्रात गाडी रुतली होती एकदा.
जिनिंगमधले हमाल बोलावले, त्यांत याचा बाप.
गाठी वाहून वाहून दगड झालेला खांदा त्याने लावला.
गाडी निघाली, पत्रा बसला.
मालकाने हप्त्यातून साडेतीन रुपये कापले.
चार हप्ते.
"म्हणजे चौदा," माझ्या तोंडून गेलं.
"चौदा," तो म्हणाला. "इकत लेयेल शे त्यान्ही."

सदतीस नंबरला मी किती कॉल जोडले असतील.
या चौदा रुपयांचा एकही नव्हता.

बिल चौकटीच्या कागदावर आलं, खाली कार्बन.
इंजिन, वायरिंग, डेंटिंग, रंग, जेवणाचे वेगळे,
त्याचे आकडे माझ्या वहीपेक्षाही सरळ.
शेवटची ओळ:
मागला पोचा, नग एक. पैसे पावले.
खाली रेव्हेन्यूचं तिकीट, त्यावर आडवी सही.

आता पुण्याहून एक जण फोन करतो. गुळगुळीत आवाज.
आकडा बरा सांगतो, तिसऱ्या पानापर्यंत पोचणारा.
फक्त मागचा तो डाग काढून द्या, म्हणतो.
मी रिकाम्या कानावर हात ठेवते
आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने सांगते,
"नंबर एंगेज आहे. थांबणार का?"

थांबतो म्हणाला.