तिनाचे सात

लियेपायाच्या बंदरात पाणी भरती-ओहोटीला फारसं मानत नाही,
वाऱ्याचं ऐकतं.
म्हणून धक्क्याच्या टोकाला मापक, वर खोलीत आमचा कॉम्प्युटर,
मध्ये चाळीस मीटर केबल, जुनी, दोनदा सांधलेली.

मला वेग हवा होता.
का, ते आता नीट आठवत नाही.
एकवीस वर्षांचा होतो, हातात सोल्डरिंगची कांडी होती,
एवढं कारण पुरलं असावं.
दोन्ही टोकांचे क्रिस्टल उपटले, दुप्पट चालीचे बसवले,
पॅरिटी काढून टाकली:
प्रत्येक अक्षरामागे एक राखणदार कशाला पोसायचा?

पहिल्या आठवड्यात पोर्टला ठसके लागले.
तोंडातला घास गिळायच्या आत पुढचा घास;
अक्षरं सांडत होती, पडद्यावर नुसता भुसा.
ते बरं होतं. भुसा दिसतो.
मी मोठ्या पोटाची चिप बसवली, भुसा थांबला.
गुंटिसनं पाठीवर थाप मारली.
केबलच्या तोंडाशी बोट ठेवलं तर चटका नव्हता,
ऊब होती,
नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखी.

फेब्रुवारी. पूर्वेचा वारा रात्रभर पाणी बाहेर लोटत होता.
लाकूड न्यायला आलेलं जहाज, त्याला साडेनऊ मीटर हवेत.
मापकानं पाठवलं: नऊ पूर्णांक तीन.

तीन म्हणजे आधी एक, एक, मग शून्य, शून्य.
दोन एकांनंतर तारेला पालटायचं होतं.
पालटत होतीच ती.
पण आमची चिप दुप्पट घाईनं डोकावली
आणि अर्ध्या वाटेवरच्या तिला
अजून एक समजून बसली.
एक, एक, एक, शून्य.
सात.

तीनतेरा वाजले असते तर कळलं असतं.
तिनाचे सात झाले,
आणि सात हा अगदी सभ्य आकडा आहे.

वेल्टा पडद्याकडे बघून नुसतं हं म्हणाली.
कोटावर शाल ओढली, बॅटरी घेतली,
बर्फावरून धक्क्याच्या टोकाला गेली,
जिथे भिंतीवर कुणीतरी हातानं रंगवलेली पट्टी आहे.
वीस मिनिटांनी परतली.
"तीन," एवढंच रेडिओवर.
जहाज बाहेर थांबलं.

मला ती काही बोलली नाही.
ओले मोजे रेडिएटरवर वाळत घातले
आणि चहा ठेवला, दोघांचा.

जुने क्रिस्टल मी फेकले नव्हते, गोळ्यांच्या डबीत होते.
एक लगेच सापडला.
दुसरा शोधता शोधता उजाडलं.