पाचव्या दिवसाचं पाणी

नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
समुद्र मात्र घरीच करावा लागतो.
आधी फिल्टरमधून थेंब थेंब;
चार बादल्यांतली एक समुद्राला,
तीन फरशी पुसायला.
मग लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ.
अंदाजानं टाकू नका नान्ना, स्रवंती बजावून गेली होती,
ही आमटी नाही.

ती आता रत्नागिरीला मासे शिकते.
तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो,
कुणी मोजून मीठ न घातलेला.
माझ्याकडे तिनं ठेवलेली दोन फुटांची टाकी
आणि समुद्रघोड्यांची जोडी,
टाकीतच जन्मलेली, समुद्र न पाहिलेली,
माझ्यासारखीच.

घोडे म्हणायचं म्हणून. धावणं नाही.
शेपटीनं काहीतरी धरून एका जागी उभं राहायचं.
चौतीस वर्षं मीही मागाशेजारी तसाच उभा होतो,
फक्त इथे खडखडाट नाही.

शेवाळाचं नाव मला नीट येत नाही.
मी त्याला गुंता म्हणतो.
हिरवा, ताठ, पीळ दिलेल्या सुतासारखा.
पहिल्यांदा हात घातला
तर बोटं आपोआप टोक शोधायला लागली.
टोक सापडलं नाही.
स्रवंती फोनवर हसली: सोडवताय कशाला? कापा.
दर पंधरा दिवसांनी मूठभर.
गुंता वाढतो म्हणून तर पाणी स्वच्छ राहतं.
मागावर हे कुणी बोललं असतं
तर मुकादमानं हाकलून दिलं असतं.

दुसरं शेवाळ पिसासारखं होतं, फार देखणं.
मे महिन्यात चार तास वीज गेली,
त्या रात्री ते एकाएकी पांढरं पडलं, विरघळलं.
सकाळी टाकीत खळीसारखं पाणी.
जोडी बादलीत काढली, राखीव पाणी घालून.
बर्फाच्या बाटल्या तरंगवल्या,
आणि त्रेचाळीस अंशांच्या गावात
चोवीस अंश सांभाळत बसलो
पुठ्ठ्यानं वारा घालत.
नरसुबाई म्हणाली,
मला टायफॉइड झाला तेव्हा एवढं केलं नव्हतंत.
खरं होतं.
मी वारा घालत राहिलो.

आणि काल.
तीन वाजता नळ फुसफुसला,
गल्लीभर मोटारी सुरू झाल्या,
नीळ्ळु वच्चिनाय! नरसुबाई ओरडली.
पाइप घेऊन उठलो
आणि टाकीपाशी थांबलो.

नर वाकत होता.
सरळ व्हायचा, परत वाकायचा,
पोटाच्या पिशवीचं तोंड उघडलं
आणि धूर सुटावा तशी पोरं.
एकेक नखाएवढं, पण आख्खा घोडा,
सुटल्या सुटल्या शेपटीनं धरायला काही शोधणारं.
माझ्या गुंत्याचा एकेक धागा धरत गेली.
मोजायला लागलो. एकसष्टला चुकलो.
परत पहिल्यापासून.

नळ गेला तेव्हा पिंप अर्धं होतं.
आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली,
तर नरसुबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन
माझ्या खांद्यावरून बघत उभी.
बाप्या बाळंत झाला? म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं:
आणि ह्यांना खायला काय घालायचं?

स्रवंतीला फोन लावला. पहाटेचे चार.
पिंप अर्धंच भरलंय, म्हणालो,
आणि समुद्रात खाणारी तोंडं वाढलीत.