एल्मार कास्क, एक ते सहा

तार्तूच्या ग्रंथालयात, तळघरातल्या तिसऱ्या कपाटाशी बसून
मी मेलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवते.
त्याचाच पगार मिळतो मला.

कास्क म्हणजे भूर्ज. आमच्या रानात
चार पावलांवर एक भूर्ज,
आणि गावात चार घरांवर एक कास्क.
त्यातले सहा एल्मार असे निघाले
की ज्यांचं कार्ड करणं भाग पडलं.

पहिला पाद्री. ओढूनताणून रचलेली त्याची स्तोत्रं
आता कुणी म्हणत नाही.
दुसरा मल्ल; रीगाला जाऊन कुणा धिप्पाडाला चितपट करून आला
आणि पुढची चाळीस वर्षं त्या एका दुपारवर जेवला.
तिसऱ्याने पूल बांधला. पुलाविषयी न बोललेलं बरं.
चौथा शेवाळांचा अभ्यासक. त्याच्या फायलीत
मल्लाला आलेली पत्रं सापडतात:
‘तुमचे दंड पाहिले, रात्रभर डोळा लागला नाही.’
पोस्टाची चूक. पण बिचाऱ्याने
एकही परत पाठवलं नव्हतं.

पाचव्याने मधमाश्यांवर पुस्तक लिहिलं.
सहाव्याने एकोणपन्नासच्या मार्चात
याद्यांवर सह्या केल्या.
मग मालगाड्या भरल्या.

पाचव्याची मुलगी आली. माल्ले.
लोकरी बूट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली मधाची बरणी.
म्हणाली, दुकानात बायका अजून पाठ फिरवतात.
कुणाचं खापर कुणाच्या माथी!
एवढं एक वाक्य छापा, बाई:
तो हा नव्हे.

मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं,
तेच तर माझं काम.

याद्या मागवल्या. कागद पिवळा, शाई तांबूस झालेली.
चौदाव्या कुटुंबापुढे, समासात, पेन्सिलीने,
बारीक, काळजीच्या अक्षरात:
‘सात पेट्या आहेत. थंडी सरलेली नाही.
साखरपाणी द्यावं, नाहीतर माश्या मरतील.’

माणसं पाच होती त्या घरात.
त्यांच्यापुढे फक्त बरोबरची खूण.

मग ते पुस्तक उघडलं. शाळेत असताना वाचलेलं,
आवडलेलं.
पहिलंच वाक्य:
‘मी सात पेट्यांवर सुरुवात केली,
नशिबाने दारात चालून आलेल्या.’

सात पेट्या काय, कुणाकडेही असतात.
असं मी स्वतःला तीन वेळा सांगितलं,
चौथ्यांदा मोठ्याने,
तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं?

काही नाही, म्हटलं.

पाचाच्या आणि सहाच्या कार्डामधली जागा
नखाने चाचपून पाहते आहे.
भूर्जाच्या सालीएवढी.

माल्ले गुरुवारी येणार आहे.
बरणी टेबलावर आहे, गोठून पांढरी झालेली.
मध नासत नाही म्हणतात.